नाशकात पाहुणे येणार आहेत? एक दिवस, एक रस्ता

नाशकात बदली होऊन आलात, इंदिरानगरला नाहीतर पाथर्डी फाट्याला घर घेतलंत, सामान लावून झालं, की महिन्याभरात पहिला फोन येतोच. "शनिवारी येतोय आम्ही सगळे. नाशिक दाखवा!" आपल्यालाच धड गाव माहीत नसतं आणि दाखवायचं कुठून हा प्रश्न पडतो.

मी सोलापूरहून इथे आले त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी आत्या आणि तिच्या घरची मंडळी आली होती. मी कागदावर नऊ ठिकाणं लिहून काढली आणि एका दिवसात सगळी उरकली. सकाळी त्र्यंबकेश्वर, दुपारी मुक्तिधाम, मग पंचवटी, मग लेणी. रात्री आत्याचे पाय सुजले होते आणि तिला आठवत होता तो फक्त द्वारका चौकातला ट्रॅफिक. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी एक नियम केला आणि तोच इथे सविस्तर सांगते: एका दिवशी एकच रस्ता.

आधी रस्ते समजून घ्या

नाशिककर पत्ता सांगतो तो रस्त्याच्या नावाने. गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, पुणे रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड, आग्रा रोड. हे सगळे सीबीएस (म्हणजे शहरातला मध्यवर्ती बसस्टँड) आणि पंचवटीच्या आसपासून हाताच्या बोटांसारखे फुटतात. एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जायचं तर परत तळहातावर यावं लागतं, म्हणजे मुंबई नाका, द्वारका, नाहीतर सीबीएसचा सिग्नल. संध्याकाळी सहानंतर तिथे अर्धा तास सहज जातो. म्हणून सकाळी घरातून निघताना आजचा रस्ता ठरवायचा आणि त्यावर जेवढं येईल तेवढंच पाहायचं.

पाहुणे रेल्वेने येत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की नाशिकरोड स्टेशन मुख्य शहरापासून दहाएक किलोमीटर लांब आहे. बाहेर पडल्याबरोबर रामकुंड दिसेल अशी समजूत करून आलेले बरेच जण असतात. स्टेशनवरून सिटीलिंकची बस मिळते. ही महापालिकेची बससेवा २०२१ मध्ये सुरू झाली. शालिमारपर्यंत शेअर रिक्षाही मिळते. स्वतंत्र रिक्षा केलीत तर बसण्याआधी पैसे ठरवून घ्या, इथे मीटरवर जाण्याची सवय फारशी नाही. एसटीने येणाऱ्यांना मात्र नीट विचारा, "कुठल्या स्टँडवर उतरणार?" जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, महामार्ग आणि पंचवटीतलं निमाणी, असे वेगवेगळे स्टँड आहेत. मुंबईकडून येणारी बस बहुतेक महामार्गला सोडते आणि आपण ठक्कर बाजारला उभे असतो, हे नव्या माणसाचं हमखास होतं.

मग पाहुण्यांना दोन गोष्टी विचारा

गुडघे कसे आहेत, आणि कुठल्या महिन्यात येताय.

पहिला प्रश्न वयस्कर माणसांना जरा आडवळणाने विचारावा लागतो. पण विचाराच. लेणी, ब्रह्मगिरी, रामशेज हे सगळं चढणीचं आहे. कपालेश्वरालाही पायऱ्या आहेत.

दुसरा प्रश्न द्राक्षांसाठी. जुलैत आलेल्या पाहुण्यांना मळ्यात नेलं आणि "द्राक्षं कुठायत?" असं पोरांनी विचारलं की काय उत्तर द्यायचं? द्राक्षाच्या बागेला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुसरी गोडी छाटणी, ती फळासाठी. त्यानंतर चारएक महिन्यांनी घड गोड होतात. म्हणून वेलीवरची द्राक्षं बघायची असतील तर जानेवारी अखेर ते मार्च. पावसाळ्यात येणाऱ्यांना धबधबे आणि हिरवे डोंगर, डिसेंबर-जानेवारीत पक्षी आणि हुरडा. निफाडकडचा पारा त्या दिवसांत महाराष्ट्रात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेव्हा स्वेटर आणायला सांगा. मे महिन्यात कोणी आलं तर सकाळी दहाच्या आत फिरून घ्या आणि संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला नेऊन बसवा. नदीकाठी उघड्यावर बसून व्याख्यान ऐकण्याची ती जुनी, फार सुंदर रीत आहे.

पहिला दिवस पंचवटीचा, आणि पहाटे

कुणीही आलं तरी मी पहिली सकाळ पंचवटीला देते. साडेसहाला रामकुंडावर पोचायचं. गाडी लांब लावून चालत यायचं, आतल्या गल्ल्यांत गाडी घालण्यात अर्थ नाही. त्या वेळी घाटावर पूजेची ताटं मांडली जात असतात, कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, कुणी नुसतंच डुबकी मारून कुडकुडत असतं. गर्दी असते, पण धक्काबुक्कीची नाही.

इथून क्रम असा ठेवा. आधी समोरचा दुतोंड्या मारुती दाखवा. नाशकात पुराची बातमी याच मारुतीवरून सांगतात. "गुडघ्याला लागलं", "कमरेला आलं", "छातीपर्यंत चढलं". किती क्युसेक सोडलं हे गंगापूर धरणावरचे लोक सांगतील, पण गावाला कळतं ते मारुतीच्या अंगावरच्या पाण्यावरून. पाहुण्यांमधली लहान मुलं ही गोष्ट कधी विसरत नाहीत.

मग कपालेश्वर. शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही. का नाही, ते तिथल्या गुरवांना विचारा, ते कथा मन लावून सांगतात. त्यानंतर नारोशंकराचं मंदिर. १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलं. त्याच्या दर्शनी भागात टांगलेली प्रचंड घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे आणि तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ती आठवण. चर्चमधली घंटा शिवमंदिरावर येऊन बसली आणि तीच त्या देवळाची ओळख झाली. मोठ्या माणसांबरोबर इथे पाच मिनिटं जास्त थांबा.

तिथून चढून काळाराम मंदिर. काळ्या पाषाणाचं, भोवती मोठ्या ओवऱ्या, मध्ये प्रशस्त पटांगण. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलं. दर्शन झाल्यावर लगेच निघू नका. पूर्व दरवाजापाशी या आणि मुलांना सांगा की २ मार्च १९३० या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरात जाण्याचा हक्क मागत सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटाने चालवला. त्या दरवाजात उभं राहून ही गोष्ट सांगितली तर ती मनात राहते. माझी भाची तेव्हा सातवीत होती. ती बराच वेळ त्या उंबऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इथेच थांबवलं होतं?"

सीतागुंफा शेजारीच आहे. वाकून, जवळजवळ बसून आत जावं लागतं. ज्यांना कोंदट जागेत घाबरायला होतं त्यांना बाहेरच्या वडाखाली बसू द्या. रांग मोठी असेल तर मी ती सोडून देते. तपोवन इथून दोनेक किलोमीटरवर, गोदावरी-कपिला संगमाजवळ. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा हीच असं मानतात, आणि नासिक हे नाव त्यावरून आलं अशी आख्यायिका आहे. वेळ असेल तरच जा.

पूल ओलांडून पलीकडे जुनं नाशिक. सरकारवाडा, सराफ बाजार, भांडी बाजार. तांब्या-पितळेची भांडी घ्यायची असतील तर इथेच घ्या, वजनावर मिळतात. घंगाळं, समया, पाणी प्यायचे तांबे. बुधवारी आलात तर गोदाघाटावरचा आठवडे बाजारही बघायला मिळतो. आणि होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला कुणी येणार असेल तर त्याचं नशीब चांगलं. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी फक्त त्या दिवशी उघडतात. रहाड म्हणजे दगडी बांधणीचा खोल हौद. वर्षभर तो बुजवून वरून रस्ता सुरू असतो. त्या दिवशी रंगाचं पाणी भरून, पूजा करून लोक त्यात धप्पा मारतात. जुने कपडे घाला, मोबाइल घरी ठेवा, लहान मुलांना कडेनेच बघू द्या.

एक सूचना: २०२७ हे सिंहस्थाचं वर्ष आहे आणि त्याची कामं घाटावर, रस्त्यांवर चालू आहेत. निघायच्या आदल्या दिवशी कुठला रस्ता बंद आहे ते बघून घ्या. पर्वणीच्या तारखांना नुसतं फिरायला येणाऱ्यांना "पुढच्या महिन्यात या" असं मोकळेपणाने सांगा.

नाश्ता म्हणजे मिसळ, आणि ती दहाच्या आत

पंचवटीतून निघाल्यावर भूक लागतेच. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची आणि लाल तर्रीची, दोन्ही प्रकारची मिळते. ताटात मोड आलेली मटकी, शेव-फरसाण, कांदा, लिंबू, पापड, दही, पाव, आणि रस्सा मागाल तितका. पाहुण्यांना तिखटाची सवय नसेल तर रस्सा वेगळ्या वाटीत मागवा. सगळ्यात चांगली मिसळ कुठली, यावर इथे सख्ख्या भावांचं एकमत होत नाही, म्हणून मी नाव घेत नाही. तुमच्या कॉलनीतल्या तीन माणसांना विचारा आणि ज्या दोघांचं जुळेल तिथे जा. गंगापूर रोडकडे मळ्यात चुलीवरची मिसळ मिळते. तिथे मुलांना खेळायला मोकळी जागा असते, पण रविवारी अकरा वाजता तासभर थांबावं लागतं.

उपास असेल तर मेन रोडचा सायंतारा साबुदाणा वडा. गोड हवं असेल तर जुन्या नाशकात बुधा हलवाईची जिलबी.

मुंबईकडचा रस्ता: पांडवलेणी

इंदिरानगर-पाथर्डी फाट्याला राहणाऱ्यांना हे घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि गंमत म्हणजे तिथले बरेच जण वर्षानुवर्षं वर चढत नाहीत. त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. पायऱ्या दोन-तीनशे, बांधीव, मधे सावली. सकाळी लवकर जा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. पाणी बरोबर घ्या, आणि हातात खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका.

वर गेल्यावर चोवीस लेणी मोजत बसू नका. तीन बघा. क्रमांक अठरा हा चैत्य, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह. क्रमांक दहामध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. आणि क्रमांक तीन, तिथे मात्र निवांत बसा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख कोरलेला आहे. तो गौतमी बलश्री या सातवाहन राणीचा, आपल्या गेलेल्या मुलाबद्दलचा. तिचा मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले, त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश उरू दिला नाही, असं ती लिहवते. ज्यांचा वंश संपवला म्हणते, त्याच नहपानाच्या जावयाचे लेख त्याच डोंगरात थोड्या अंतरावर आजही आहेत. हे सांगितल्यावर पाहुणे पुन्हा उठून दहा नंबरकडे जातात, हा माझा दरवेळचा अनुभव. या लेखांमध्ये गोवर्धन हे नाव येतं. ते म्हणजे गंगापूर रोडवरचं आजचं गोवर्धन गाव, असं मानतात. त्या बाजूला जाल तेव्हा पाटी दाखवा.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच गेले. शेजारी बुद्धविहार आहे, तिथे दोन मिनिटं डोळे मिटून बसता येतं. नेहरू वनोद्यानही याच पायथ्याला आहे, लहान मुलं असतील तर संध्याकाळ तिथे घालवा.

गंगापूर रोड: संध्याकाळसाठी राखून ठेवा

हा रस्ता सकाळी वाया घालवू नका. चारच्या पुढे निघा. वाटेत कुसुमाग्रज स्मारक आहे. तात्यासाहेब शिरवाडकरांवर प्रेम असलेलं कुणी बरोबर असेल तर आवर्जून थांबा. पुढे आनंदवल्लीला नदीकाठचा नवश्या गणपती. गावाच्या नावातच राघोबादादांच्या आनंदीबाई आहेत. मग सोमेश्वर. शंकराचं देऊळ, बाग, आणि थोडं पुढे नाशिककर ज्याला दूधसागर म्हणतात तो धबधबा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की तो फेसाळतो, उन्हाळ्यात नुसते खडक दिसतात. बाहेर भाजलेली कणसं आणि तिखट-मीठ लावलेले पेरू.

शेवटी गंगापूर धरणाचा जलाशय आणि त्याच्या आजूबाजूच्या वायनरी. सुला १९९९ मध्ये सुरू झाली आणि नाशिकला वाइनचं गाव म्हणायला लागले ते तेव्हापासून. टेकडीवरून बागा आणि मागे धरणाचं पाणी, असा सूर्यास्त दिसतो. शनिवार-रविवारी आधी बुकिंग करा, आत जायला शुल्क आहे. वाइन एकवीस वर्षांखालच्यांना देत नाहीत. आईवडिलांना न्यावं का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं. त्यांनी द्राक्षाचा रस घेतला, वाइन आंबवायच्या टाक्या कुतूहलाने बघितल्या आणि सूर्य बुडेपर्यंत उठल्या नाहीत. परतताना गाडी चालवणाऱ्याने मात्र घोटही घ्यायचा नाही. तो रस्ता अंधारा आहे.

आणखी दिवस मिळाले तर

त्र्यंबक रोड. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटर. सोमवार, श्रावण आणि सलग सुट्ट्या टाळा. बाकी दिवशी पहाटे पोचलात तर दर्शन लवकर होतं. मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. नंतर कुशावर्तावर जा, आणि वर दिसतो तो ब्रह्मगिरी दाखवा, गोदावरी तिथून निघते. रामकुंडात पाहिलेली नदी ती हीच. येताना अंजनेरीला थांबा. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून डोंगर ओळखला जातोच, पण खाली रस्त्यालगत नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. तिथल्या संग्रहालयात जुनी नाणी बघायला मिळतात. लेण्यात ज्या नहपानाचं नाव ऐकलं त्याच्या काळातल्या नाण्यांची ओळख इथे होते.

पुणे रोड. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा दिवस उत्तम, चढण नाही. नाशिकरोडला मुक्तिधाम, पांढऱ्या संगमरवराचं. भिंतींवर गीतेचे अध्याय कोरलेले आहेत. पुढे सिन्नर, नाशकापासून तीसेक किलोमीटरवर. तिथलं यादवकालीन गोंदेश्वर मंदिर माझ्या मते जिल्ह्यातलं सगळ्यात देखणं देऊळ आहे. मध्ये मोठं शिवमंदिर, चार कोपऱ्यांत चार लहान, सगळं एका जोत्यावर, आणि भोवती शांतता. रंगीत फुलं-फुगे नाहीत, रांगा नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात शिखरावरचं कोरीवकाम उठून दिसतं. सिन्नरच्या एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले स्फटिक, गुलाबी, हिरवे, काचेसारखे. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना जे दगड फुटतात त्यांच्या पोटात हे असतं, हे मुलांना खरंच वाटत नाही.

हिवाळा असेल आणि पाहुण्यांची पाचला उठायची तयारी असेल तर नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामागे पसरलेलं पाणी. २०२० च्या जानेवारीत याला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं हे पहिलंच. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चमचे, कधी रोहित (फ्लेमिंगो). गावातलेच तरुण गाइड म्हणून बरोबर येतात आणि दुर्बीणही देतात. त्यांना घ्याच, नाहीतर सगळी "बदकंच" दिसतात. मातकट रंगाचे कपडे, हळू आवाज.

वणीची सप्तशृंगी साठेक किलोमीटरवर. पायऱ्या जमत नसतील तर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. पेठ रोडने आशेवाडीला गेलात तर रामशेज, संभाजीराजांच्या काळात मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा किल्ला. उंचीने लहान, तासाभरात वर. किल्ल्यांची सवय नसलेल्यांसाठी हाच पहिला. हरिहरचे फोटो दाखवून पाहुणे हट्ट धरतील. त्या उभ्या कोरीव पायऱ्यांवर पावसात आणि रविवारच्या गर्दीत मी कुणालाही पाठवत नाही.

धबधब्यांबद्दलही तेच. दुगारवाडी, पहिने पावसाळ्यात फार सुंदर दिसतात, पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं आणि परतीची वाट बंद होते. दुगारवाडीला माणसं वाहून गेली आहेत. वनखात्याने बंदी घातली असेल तर मागे फिरा. पाण्यात उतरायचं नाही हे घरूनच ठरवून निघा, तिथे गेल्यावर कुणी ऐकत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी

चिवडा आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, कोंडाजीचा किंवा तुम्हाला आवडेल तो. सकाळी गाडीच्या घाईत राहून जातो. हंगाम असेल तर द्राक्षं मळ्यावरून किंवा रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांकडून घ्या आणि मण्याला बोट लावू नका, वरची पांढरी लव निघाली की ती टिकत नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली कागद घालून एकच थर लावा. हंगाम नसेल तर बेदाणे. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारे असतील तर पहाटे घरून तासभर आधी निघा. इंदिरानगरहून नाशिकरोडला जाताना वाटेत सिग्नल बरेच आहेत, आणि स्टेशनबाहेर त्या वेळी रिक्षांची रांग असते.